होडीत राहिलेली माणसे



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर कामगार कायदा यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. आम्ही मात्र आज विषय घेतला आहे तो येशू ख्रिस्ताच्या मागे जाणे म्हणजे काय, हा. आम्ही ख्रिस्ती नाही. पंडित तर नाहीच नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले, आणि पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर व कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा हा विषय आमच्याकडे कोणत्या वाटेने आला, ते आधी सांगितले पाहिजे.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनने संप केला. मागण्या रास्त होत्या, आणि माणसे एकजुटीने उभी होती. संप सात महिने चालला. पाचव्या महिन्यात आम्ही एका कामगाराच्या घरी गेलो. तो घरी नव्हता; मार्केट यार्डात पोती उचलायला गेला होता. त्याच्या बायकोने आम्हांला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि दाराच्या चौकटीला धरून ती एवढेच म्हणाली, "भाऊ, तुम्ही पुढं चाललात, आमचे हे तुमच्या मागं चालले. आम्ही कुणाच्या मागं जायचं?" सभेत आम्हांला उत्तरे सुचत. तेथे सुचले नाही. पाणी पिऊन आम्ही बाहेर पडलो.

त्याच दिवसांत फाटकावर आमच्या शेजारी बसणारा वसईकडचा एक फिटर होता. त्याने आपल्या पिशवीतला मराठी नवा करार आमच्या हाती दिला आणि म्हणाला, वाचा, वेळ आहेच. आम्ही मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली, कारण चारांत ते सर्वांत लहान. पहिल्याच अध्यायात ठेच लागली.

प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. गालील समुद्राच्या काठाने येशू चालला आहे. शिमोन आणि आंद्रिया हे भाऊ जाळे टाकीत आहेत. तो त्यांना आपल्या मागे यावयास सांगतो आणि ते जाळी टाकून निघतात. थोडे पुढे गेल्यावर जब्दीचे मुलगे याकोब व योहान होडीत बसून जाळी नीट करीत आहेत. त्यांनाही तो हाक मारतो. तेही निघतात, आणि आपल्या बापाला रोजंदारीच्या गड्यांसह होडीत सोडून जातात. हीच हकीगत मत्तयानेही सांगितली आहे, पण रोजंदारीचे गडी फक्त मार्काने टिपले आहेत.

हजारो प्रवचनांत त्या चौघांचे कौतुक झाले असेल, आणि ते योग्यच आहे. पण आमची नजर अडकली ती होडीत. म्हातारा जब्दी तेथे आहे. मजुरीने लावलेले गडी तेथे आहेत. घरी कोणी वाट पाहत असेल. मालकाचे दोन तरुण मुलगे भरल्या दिवसाचे काम टाकून गेले; आता ही जाळी कोण ओढणार, आणि संध्याकाळी त्या गड्यांची मजुरी कोठून निघणार? दारात उभ्या असलेल्या त्या बाईचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या होडीतून आम्हांला ऐकू आला. म्हणून आजचे बोलणे पुढे गेलेल्यांविषयी आहे, तसेच मागे राहिलेल्यांविषयीही आहे.

प्रथम मागे जाणे या शब्दाचा अर्थ पाहू. त्या काळच्या यहुदी समाजात गुरू शोधायचा तो बहुधा शिष्याने. येथे गुरूच शिष्य निवडतो, आणि निवडतो कोणाला, तर कोळ्यांना आणि जकातनाक्यावर बसलेल्या लेवीला. मूळ ग्रीक क्रियापद साधे पायी चालण्याचे आहे: एकाने पुढे चालावे, दुसऱ्याने मागून. म्हणजे येथे मत मान्य करून घरी बसणे पुरत नाही, पाय उचलावा लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलग्यांचा दाखला आहे. बापाने मळ्यात कामाला जायला सांगितल्यावर एक नाही म्हणाला आणि मागाहून गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, असा प्रश्न येशू विचारतो. फाटकसभेत हात वर करणारे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून हा दाखला आम्हांला समजावून सांगावा लागला नाही.

दुसरी गोष्ट वधस्तंभाची. ज्याला मागे यावयाचे असेल त्याने आपला वधस्तंभ उचलावा, असे येशूने सांगितल्याचे मार्क लिहितो. आज क्रूस हा गळ्यातला दागिना झाला आहे. तेव्हा ते गुलामांना आणि बंडखोरांना द्यावयाच्या शिक्षेचे साधन होते. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेले बंड मोडल्यावर, इ. स. पूर्व ७१ साली, रोमन सेनापती क्रॅससने पकडलेल्या सुमारे ६,००० गुलामांना रोम ते कापुआ या रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढविले. मार्काचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमारास लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या थोडेच आधी, इ. स. ६४ मधील रोमच्या आगीनंतर, सम्राट नीरोने तेथील ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. ते शुभवर्तमान प्रथम ऐकणाऱ्यांना वधस्तंभ म्हणजे अलंकारिक भाषा वाटली नसणार.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. लूकाच्या शुभवर्तमानात एक जण म्हणतो की आधी बापाला मूठमाती देऊन येतो. त्याला थांबू दिले जात नाही. दुसरा घरच्यांचा निरोप घेऊ इच्छितो. त्याला नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याची उपमा ऐकावी लागते. आणखी पुढे तर आईबाप, बायकामुले यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, अशा अर्थाचे वाक्य आहे. त्या भाषेच्या वळणात द्वेष करणे याचा अर्थ दुय्यम मानणे असाही होतो, आणि मत्तयाने तोच विचार अधिक प्रेम करण्याच्या भाषेत मांडला आहे, असे जाणकार सांगतात. ते मान्य केले तरी वाक्याची धार जात नाही, आणि ती बोथट करण्याचा आम्हांला अधिकारही नाही. जो माणूस चांगल्या कामाला निघतो त्याला अडविणारी पहिली हाक बहुधा घरातूनच येते, आणि ती प्रेमाची असते म्हणूनच अवघड असते.

मग शुभवर्तमानाची शिकवण घर वाऱ्यावर सोडा, अशीच आहे काय? आम्ही तो नवा करार संप संपेपर्यंत तीन वेळा वाचला, आणि हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली.

जाळी सोडल्यानंतर पेत्र जातो कोठे? त्याच अध्यायात, आपल्याच घरी. तेथे त्याची सासू तापाने पडली आहे. येशू तिला हाताला धरून उठवितो. म्हणजे पेत्राने जे सोडले म्हणतात ते घर येशूने पहिल्या काही दिवसांतच गाठले, आणि तेथील आजारी माणूस बरे केले. पुढे सातव्या अध्यायात येशू काही धर्मशास्त्र्यांवर कडाडतो. आईबापांना द्यावयाची मदत देवाला वाहिली आहे असे म्हणून हात झटकण्याची एक पळवाट होती. तिला कुर्बान म्हणत. देवाच्या नावाने आईबापांना उपाशी ठेवणे हे देवाच्या आज्ञेचेच उल्लंघन, असे तो ठणकावतो. ज्या तोंडाने घर सोडण्याची हाक दिली त्याच तोंडाने, घर सोडण्याला धर्माचे निमित्त करणाऱ्यांना फटकारले. ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत हे विसरून चालणार नाही.

शिवाय सर्वांना एकच हुकूम नाही. श्रीमंत माणसाला सर्व विकून ये म्हणून सांगितले; तो खिन्न होऊन परत गेला. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धे द्रव्य गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचे ठरविले. त्याला घर सोडावयास सांगितल्याचे लिहिलेले नाही. गरसेकरांच्या मुलखात बरा झालेला भूतग्रस्त तर स्वतः बरोबर येण्याची विनवणी करतो, आणि येशू त्याला नको म्हणतो. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, असे सांगतो. त्या माणसाचे मागे जाणे म्हणजे घरी जाणे होते.

आणि होडीत राहिलेल्यांचे काय झाले? गड्यांचा पुन्हा उल्लेख नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण जब्दीच्या घराचा आहे. येशू क्रूसावर असताना शिष्य पांगलेले आहेत; पेत्र आदल्या रात्रीच दुरून मागे चालत गेला, शेकोटीपाशी बसला आणि त्याने ओळख नाकारली. त्या वेळी दुरून पाहत उभ्या राहिलेल्या, गालीलातून मागे आलेल्या स्त्रियांत मत्तय एक नाव जाणूनबुजून घालतो: जब्दीच्या मुलांची आई. जिचे दोन मुलगे होडीतून उठून गेले, ती स्वतः चालत यरुशलेमेपर्यंत आली होती. पेत्राच्या बायकोचेही तसेच. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पेत्र प्रवासात आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतो, असा उल्लेख आहे. आणि योहान सांगतो त्याप्रमाणे येशूने मरताना आपल्या आईला एका शिष्याच्या स्वाधीन केले. पुढाऱ्याच्या शेवटच्या कामांत आईची व्यवस्था हे एक काम होते.

येशूने किंमत लपविली नाही, हेही महत्त्वाचे. लूकात, त्याच कठीण वाक्याच्या पाठोपाठ, बुरूज बांधणाऱ्याचा दाखला येतो. पाया घालण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. आमच्या त्या संपापूर्वी आम्ही घोषणा तयार केल्या, पत्रके तयार केली. संपनिधीचा हिशेब मात्र दोन महिन्यांचाच केला होता. पाचव्या महिन्यात त्या बाईने जे विचारले ते या दाखल्यातच होते.

आता शेवटचा दुवा. पेत्र एकदा म्हणतो की आम्ही सर्व सोडून आलो. येशूचे उत्तर असे की ज्याने घर, भाऊ, बहिणी, आई, मुले, शेते सोडली त्याला ती याच काळात शंभरपट मिळतील, छळासह मिळतील. एका माणसाला शंभर आया आणि शंभर घरे कशी मिळावीत? एकाच प्रकारे: मागे जाणाऱ्यांचा समूह एकमेकांचे घर होईल तेव्हा. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमेतील पहिल्या मंडळीने हे करून पाहिले. आणि तेथेही लगेच तक्रार उठली, की रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. त्या कामासाठी सात माणसे नेमली. मागे राहिलेल्यांसाठी नेमलेली ही कमिटी पाहून आम्हांला आपलीच युनियन आठवली, आणि थोडी लाजही वाटली.

शुभवर्तमानातला हा दुहेरी धागा इतिहासात नेहमी दुहेरी राहिला नाही. इ. स. २७० च्या सुमारास ईजिप्तमधील अँथनी या तरुणाने चर्चमध्ये श्रीमंत माणसाची हकीगत ऐकली आणि आपली जमीन व चीजवस्तू देऊन टाकली. आईबाप नुकतेच वारले होते. घरात धाकटी बहीण होती. तिच्यासाठी ठेवलेले थोडे द्रव्यही त्याने पुढे वाटले आणि तिला विश्वासू व्रतस्थ स्त्रियांच्या हाती सोपवून तो अरण्याकडे गेला. अथानासियसने लिहिलेल्या चरित्रामुळे अँथनी संन्यासी परंपरेचा मूळपुरुष ठरला. बहिणीचे नाव त्या चरित्रात नाही. ती पुढे इतर व्रतस्थ स्त्रियांची प्रमुख झाली एवढे मात्र आहे. तिला विचारले होते काय, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता आमच्या धंद्यातली एक हकीगत सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली, आणि पुढे सहाच देणार असे मालक म्हणू लागले. जॉर्ज लव्हलेस हा नांगरट करणारा मजूर मेथडिस्ट पंथाचा हौशी प्रवचनकार होता. दिवसा शेत आणि रात्री पुस्तक, असे त्याने स्वतःला शिकविले. ऑक्टोबर १८३३ मध्ये त्याने व सोबत्यांनी शेतमजुरांचा संघ काढला. प्रवेश फी एक शिलिंग, आणि आठवड्याची वर्गणी एक पेनी. थॉमस स्टँडफील्डच्या झोपडीत माडीवर सभा भरे, आणि नव्या सभासदाला डोळे बांधून शपथ दिली जाई.

संघ काढणे १८२४ पासून गुन्हा राहिले नव्हते. म्हणून सरकारने १७९७ चा एक कायदा उकरून काढला. आरमारातील बंडाच्या वेळी बेकायदा शपथांविरुद्ध तो केला होता. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना पकडून सुमारे सात मैल चालवीत डॉर्चेस्टरला नेले: जॉर्ज व जेम्स लव्हलेस हे भाऊ, थॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. मार्च महिन्यात त्यांना सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. लव्हलेसने न्यायालयाला लेखी कळविले की आम्ही कोणाच्या जिवाला, अब्रूला वा मालमत्तेला धक्का लावला नाही. बायकामुलांना उपासमारीपासून वाचविण्यासाठी एकत्र आलो. ध्यानात घ्या, या माणसाने शपथ घेतली ती बायकामुलांसाठी. घर सोडणे आणि घरासाठी झटणे ही त्याच्या लेखी वेगळी कामे नव्हती.

हॅमेटविषयी परंपरा सांगते की त्या सभेला तो नव्हताच. त्याचा भाऊ जॉन होता. जॉनची बायको बाळंतपणाला टेकली होती, म्हणून पकडायला आले तेव्हा जेम्स काही न बोलता भावाच्या जागी चालू लागला.

सहाही जणांना जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या बाजूला नेले. लव्हलेस आजारी पडल्यामुळे मागाहून टास्मानिया बेटावर गेला. मागे राहिलेल्या बायकांनी गावच्या गरीब-मदतीसाठी अर्ज केले, तेव्हा मॅजिस्ट्रेटांनी ती नाकारली. मेथडिस्ट पंथाचे वरिष्ठ राजकारणापासून चार हात दूर राहिले. पण २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये हजारो कामगारांचा मोर्चा निघाला. त्याच्या अग्रभागी डॉ. आर्थर वेड हे पाद्री आपल्या धर्मवेषात होते. एक कमिटी झाली, ती वर्गणी गोळा करून त्या कुटुंबांना पोसू लागली. १८३६ साली सरकारला पूर्ण माफी द्यावी लागली. १८३७ ते १८३९ च्या दरम्यान सहाही जण परतले. पुढे पाच जण कुटुंबांसह कॅनडात गेले. हॅमेट टॉलपडलला परतला, आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये वारला. विजय झाला म्हणून सर्वांचे सर्व नीट झाले, असे इतिहास सांगत नाही.

आपल्याकडेही हा धोका होता. १९२०–२१ मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या तंट्यात बी. पी. वाडियांसारख्या पुढाऱ्यांवर न्यायालयात दावा झाला, आणि १९२६ च्या कायद्याने संघांना संरक्षण मिळाले. आज आम्ही पावतीपुस्तक घेऊन उजळ माथ्याने फिरतो, ते अशा लोकांच्या जिवावर.

मागे राहिलेल्यांची बाजू बहुधा कोणी लिहीत नाही. मराठीत मात्र ती लिहिली गेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, ते पत्नीला सोडून एकट्याने. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, रडल्या, रागावल्या. काही वर्षांनी पतीकडे आल्या, पण लगेच धर्मांतर केले नाही. स्वतः विचार करून, सोवळेओवळे एकेक गळत जाऊन, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त हे सारे आहे, आणि विनोदासह आहे. टिळकांची हाक खरी होती, याविषयी शंका नाही. पण मागे जाणे म्हणजे काय, हे आम्हांला अधिक समजले ते लक्ष्मीबाईंकडून, कारण त्या ओढल्या गेल्या नाहीत. आपल्या पायांनी आल्या.

श्रोतेहो, शुभवर्तमान ख्रिस्ती माणसाला काय शिकविते हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. बाहेरच्या वाचकाला दिसले ते असे: हाक देणाऱ्याने स्वतः पुढे चालले पाहिजे, किंमत आधी सांगितली पाहिजे, आणि ज्यांना हाक दिली नाही पण ज्यांच्या ताटातले कमी झाले, त्यांचा हिशेब साऱ्या समूहाने आपल्या वहीत लिहिला पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट त्या संपात आम्ही केली होती. दुसरी अर्धवट केली. तिसरी केली नाही.

त्यानंतर आमच्या युनियनने नियम केला, की संपाचा ठराव मताला टाकण्यापूर्वी एक सभा घरच्या माणसांची घ्यायची. त्या सभेत बायका बोलतात आणि आम्ही ऐकतो. एकदा त्यांनी संप नको म्हटले, आणि तो झाला नाही; दोनदा त्यांनीच पुढे ढकलले. ज्या बाईने आम्हांला पाणी दिले तिच्या घरी आम्ही पुढे अनेकदा गेलो. तिच्या नवऱ्याला ती नोकरी परत मिळाली नाही. तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही, आणि आम्हीही त्याचे उत्तर मिळाले असे तिला कधी सांगितले नाही.